काशीत सोडलेली कॉफी

काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडून यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आणि आपली माणसं काय कमी बिलंदर! कुणी पडवळ सोडतं, कुणी शेपू सोडतं. साताऱ्यातल्या एका गृहस्थांनी तर ड्रॅगनफ्रूट सोडलं, आणि ते त्यांनी आयुष्यात कधी चाखलंही नव्हतं. देवाला फसवायचं तर असं, राजरोस, गुरुजींच्या साक्षीनं.

शाहूपुरीतली पद्मा करंबेळकरही काही वेगळ्या मातीची नव्हे. तिनं रेल्वेतच नवऱ्याला पढवून ठेवलं होतं की गुरुजींनी विचारलं की दोडका म्हणायचं. हरिभाऊंना दोडका पानात दिसला तरी घास तोंडात फिरायचा. म्हणजे सापही मेला आणि काठीही मोडली नाही. हरिभाऊंनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. पहाटे घाटावर गेले, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, ओंजळीत गंगा घेतली. गुरुजींनी विचारलं, काय सोडलंत? आणि हरिभाऊ म्हणाले, "कॉफी."

पायरीवर कोरडे कपडे धरून उभी असलेली पद्मा आ वासून बघतच राहिली. गुरुजीही थबकले. फळ, भाजी, धान्य असं काहीतरी सांगा म्हणाले. हरिभाऊंनी शांतपणे सांगितलं की कॉफी हीसुद्धा एका झाडाची बीच आहे, तेव्हा चालेल. पद्मा वरून "दोडका, अहो दोडका" म्हणून ओरडली, पण तोवर ओंजळ रिकामी झाली होती. शेजारच्या पायरीवरच्या बायका तिच्याकडे अशा बघायला लागल्या की ही बाई काशीत भाजी विकायला आली की काय.

जीभ घसरली, दुसरं काय! जन्मभर बसस्थानकावर भोंग्यातून बोललेला माणूस, प्रवाशांच्या गर्दीपुढे कधी अडखळला नाही, तो नेमका गंगेत अडखळला. पद्मानं तरी असाच अर्थ लावला.

हरिभाऊ साताऱ्याच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली चुकली, कुठली आता येणारच नाही, हे सगळं दिवसभर त्यांच्याच आवाजात साताऱ्यानं ऐकलं. शब्दांचा सगळा साठा तिथंच संपायचा. घरी आले की 'हं' आणि 'बरं', या दोन शब्दांवर संसार. पाहुणे म्हणायचे, शांत हो तुमचे यजमान! पद्मा मनात म्हणायची, शांत कसले, माझ्या वाटणीचं सगळं एसटीला देऊन येतात.

पण सकाळ मात्र पद्माची. तरुणपणी सांगली डेपोत असताना उडप्याच्या हॉटेलात हरिभाऊंना कॉफीचा नाद लागला, तो लग्नानंतर पितळी फिल्टरसकट घरात आला. उजाडताना फिल्टरमधून काळा अर्क थेंब थेंब उतरायचा, तोवर माणूस मुका. पहिला घोट पोटात गेला की मात्र कुलूप उघडायचं. मग ते बोलायचे. काल शेवटच्या गाडीला आलेली म्हातारी काय म्हणाली, वडिलांशी शेवटचं भांडण कशावरून झालं, मुलगा सौमित्र नापास झाला तेव्हा आपण त्याच्यावर हात उगारला याची किती लाज वाटते. दुसऱ्या कुणाला न सांगितलेलं सगळं त्या तासात पद्मापुढे यायचं. ती स्वतः चहावाली, कॉफीचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिला नवरा मिळाला तो त्या तासात. बाकीचा दिवस एका सभ्य भाडेकरूबरोबर काढल्यासारखा.

निवृत्तीनंतर हा तास वाढत जाईल अशी तिची आशा होती. मध्येच तिच्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, केमो झाली, पुढची मोठी तपासणी बाकी होती, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत आईनं घरात बसून काळजी करू नये म्हणून सौमित्रनं पुण्याहून काशीची तिकिटं काढून दिली. परत आल्यावर तपासणी झाली, सगळं स्वच्छ निघालं, डोक्यावर केसही पुन्हा आले. पद्मा बरी झाली आणि घर मुकं झालं.

हरिभाऊ सकाळी हळदीच्या दुधाचा पेला घेऊन बसायचे. दूध संपायचं, पेला विसळला जायचा, आणि 'हं'. पद्मानं विषय काढून पाहिले. डेपोतल्या जुन्या माणसांची नावं घेतली, मुद्दाम चुकीची घेतली, म्हणजे निदान दुरुस्त करायला तरी तोंड उघडतील. "बरं," म्हणाले. एकदा ती वैतागून म्हणाली की घाटावर होतं कोण, ते गुरुजी आणि मी. गुरुजी काय साताऱ्याला येऊन तुमचा कप हुंगणार आहेत?

"मी होतो की तिथं," हरिभाऊ म्हणाले, आणि पुन्हा गप्प.

आता हा माणूस मुळात निग्रही असता तर गोष्ट निराळी. याची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. तपकीर सोडायचा संकल्प दर दिवाळीला, आणि तुळशीच्या लग्नाआधी डबी खिशात. साखर वर्ज्य, तरी फ्रीजमधल्या बर्फीचा तुकडा कापसासारख्या हलक्या हातानं उचलून पळवायचा. पत्ते खेळताना नातवंडांना फसवायचा. आणि तोच माणूस कॉफीपुढे असा उभा की पाहत राहावं. सांगलीला भाच्याच्या लग्नात व्याह्यांनी खास फिल्टर कॉफीचा माणूस बोलावला होता. मांडवभर वास. हरिभाऊ त्या वासात उभे राहिले, नाकपुड्या थरथरल्या, डोळे मिटले, आणि मठ्ठ्याचा ग्लास उचलला. पद्मा लांबून बघत होती. तिच्या अंगावर काटा आला. हे बळ या माणसात कुठून आलं? एका चुकून निसटलेल्या शब्दासाठी?

बाकी त्या चुकलेल्या शब्दाची गोष्ट तिनं सोडली नाही हो. बारसं असो, डोहाळजेवण असो, बायका म्हणायच्या, काकू, काशीचा किस्सा सांगा. मग पद्मा सगळी नक्कल करायची, कमरेइतकं पाणी, ओंजळ, गुरुजींचा चेहरा, आणि आपली पायरीवरची बोंब. हसून हसून लोकांची पुरेवाट. हरिभाऊ कोपऱ्यात बसून सगळ्यांबरोबर हसायचे.

हसू ओसरलं की घरी मात्र तीच मुकी सकाळ. पद्माला तो तास परत हवा होता, बस्स. सौमित्रनं फोनवर सांगितलं की कॅफीन काढलेली कॉफी मिळते, ती द्या. हरिभाऊ म्हणाले, काहीही काढा, बी ती बीच. मग सौमित्रनं दुसरी वाट काढली. परदेशात म्हणे जव भाजून, दळून, कॉफीसारखाच उकळून पितात. त्यात कॅफीन नाही आणि कॉफीही नाही, निव्वळ धान्य. वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "धान्य सोडलेलं नाही मी."

एवढंच पद्माला पुरलं. दुसऱ्याच दिवशी गॅसवर लोखंडी कढई चढली. गहू भाजले, ते वरून कोळसा आणि आतून कच्चे. नाचणी भाजली, ती भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी लागली. कुणीतरी चिंचोके सुचवले, ते दळताना मिक्सरचं पातं गेलं. शेजारची अपूर्वा धूर बघून धावत आली, तिला वाटलं काकूंकडे आग लागली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ती एकेक कॉफी. हरिभाऊ प्रत्येक कप निमूट प्यायचे. वाईट आहे असंही म्हणायचे नाहीत. पद्माला तेच जास्त लागायचं.

मग सांगलीला माहेरी गेली असताना भावजयीनं डोळे उघडले. म्हणाली, घरच्या कढईत दाणा सारखा भाजत नसतो, त्याला वाळू लागते. माधवनगरला चिरमुऱ्या-फुटाण्यांची एक भट्टी आहे, तिथं धोंडुबाईला विचारा.

धोंडुबाई मूळची जतकडची. घराणं मेंढरांमागं फिरणारं. नवरा माधवनगरच्या गिरणीत लागला म्हणून ती इकडं आली. गिरणी बंद पडली, नवरा गेला, आणि ही भट्टीपाशी राहिली ती राहिलीच. भुवया आचेनं उडालेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पद्मानं पिशवीतले जव आणि शाळू पुढं केले आणि काय हवं ते सांगितलं. धोंडुबाईनं तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"आवं वैनी, आमच्या धंद्यात करपला दाणा म्हंजी नाक कापल्यागत. आन तुमी म्हंता काळा करून द्या?"

कशासाठी हवा, हे पद्मानं सांगितलं. काशी सांगितली, मुकी सकाळ सांगितली. इथं नक्कल करावीशी वाटली नाही. धोंडुबाई ऐकत होती. मग तिनं भट्टीत शेंगांची टरफलं लोटली आणि वाळू तापायला टाकली.

पुढं जे झालं ते पद्मा डोळे फाडून बघत राहिली. तापलेल्या वाळूत जव पडले आणि कढईभर तडतड सुटली. हा नुसता पोरखेळ हाय, धोंडुबाई म्हणाली, फुटाणेवाला इथं थांबतो. मग तडतड थांबली. दाणा गप्प झाला. आता धोंडुबाईचा झारा थांबेना, खालची वाळू वर, वरची खाली, आणि तोंडानं एक शब्द नाही. आधी भाकरीचा वास आला, मग खमंग पिठाचा, मग गुळाची काकवी कढताना येतो तसा. दाणा सोनेरी झाला, तांबूस झाला, पिकल्या खजुरासारखा झाला. मूठभर जव, साधे, पूजेतले, कलशाखाली पसरायचे. त्यांच्या पोटात एवढा रंग आणि एवढे वास कुठं दडले होते? पद्मानं आयुष्यभर धान्य निवडलं, पाखडलं, दळलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. तिला हात जोडावेसे वाटले, आणि तिनं ते जोडलेही. धोंडुबाई हसली, म्हणाली, मला न्हवं, त्या दाण्याला जोडा. आणि एका झटक्यात चाळणीत ओतून वाळू झाडली.

साताऱ्याला अर्ध्या तिकिटात ती पिशवी मांडीवर घेऊन आली. गाडीत पुढच्या बाकावरच्या बाईनं दोनदा वळून विचारलं, काय हो आहे त्यात?

दुसऱ्या दिवशी उजाडताना पितळी फिल्टर पुन्हा माळ्यावरून खाली उतरला. भरड दळलेली पूड, वर उकळतं पाणी, आणि थेंब थेंब काळसर अर्क. दूध घालून कप हरिभाऊंच्या हातात दिला. कॉफी नव्हती ती, उगाच खोटं कशाला बोला. पण कॉफीच्या गावची होती. हरिभाऊंनी घोट घेतला, दुसरा घेतला. मग खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत म्हणाले की आई गेली त्या सकाळी मी ड्युटीवर गेलो होतो, तुला आठवतं? पद्माला आठवत होतं. हरिभाऊ त्या सकाळबद्दल बोलत राहिले. दूधवाला येऊन गेला, पेपर दारात पडून राहिला. पद्माच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती मध्ये एक शब्द बोलत नव्हती, न जाणो पुन्हा बंद झाले तर!

मग काय, बाईला चेव चढला. दर महिन्याला सांगलीची वारी. कधी जवात चार हरभरे, कधी शाळू जास्त, कधी आच जरा पुढं. धोंडुबाईलाही आता ईर्ष्या चढली होती. पूड सुधारत गेली. गल्लीत बोलबाला झाला. अपूर्वाला दिवस गेले होते, डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली होती, ती डबा भरून न्यायला लागली. कोपऱ्यावरचे निवृत्त सुभेदार नानासो घोरपडे यांना संध्याकाळची कॉफी सुटेना आणि रात्री झोप येईना. ते म्हणाले, वहिनी, ही पिऊन मी कुंभकर्णासारखा झोपलो.

आणि एक घाणा असा उतरला की धोंडुबाईनं स्वतःच दाणा चावून डोळे मिटले. पद्मानं तो घरी आणून दळला. फिल्टरवर पाणी पडलं आणि जो वास उठला, त्यानं तिचे पाय जागेवर खिळले. तोच. अगदी तोच, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळचा. तिनं जिभेवर थेंब घेतला. कडू, खमंग, मागाहून गोडसर. तिलासुद्धा फरक सांगता आला नसता. दूध घालून तिनं कप नेला. पस्तीस वर्षं कॉफी केली होती, पण आज जणू परीक्षेचा निकाल होता.

हरिभाऊंनी कप तोंडाशी नेला. वास घेतला. एक घोट घेतला, आणि त्यांचा सगळा चेहरा सैलावला, तरुण झाला. पद्मा बघतच राहिली. मग त्यांनी कप बशीत ठेवला आणि बशी तिच्याकडे सरकवली.

"ही नको," म्हणाले.

पद्माचा पारा चढला. चढणार नाही तर काय! बाईनं धुरात डोळे घालवले होते, मिक्सर घालवला होता, भर उन्हाचा प्रवास केला होता. तिनं कंबर कसून जाब विचारला. बी सोडली होती, चव सोडली नव्हती. हे धान्य आहे, धान्य चालेल असं तुम्हीच म्हणाला होता. वाईट असताना मुकाट प्यायलात आणि साधलं तेव्हा नको? हरिभाऊ म्हणाले की वाईट होती तोवर ठीक होतं, तेव्हा कॉफीची आठवण यायची आणि जीव तळमळायचा. आता ही प्यायली तर तळमळच राहत नाही. मग मी सोडलं काय? दोडकाच की!

"अहो, पण मुळात दोडकाच सोडायचा होता ना," पद्मा रडकुंडीला येऊन म्हणाली. "जीभ घसरली तुमची, त्याची एवढी शिक्षा? तुम्हालाही आणि मलाही?"

 हरिभाऊंनी हातातल्या पंच्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"घसरली नव्हती," ते म्हणाले. "तुझी तपासणी व्हायची होती. ओंजळीत पाणी घेतलं आणि तू वर पायरीवर उभी दिसलीस, डोक्याला रुमाल बांधलेली. दोडका देऊन तुला मागायची मला लाज वाटली गं."

पद्मा खाली बसली. खुर्ची मागं होती म्हणून बरं. एवढी वर्षं, एवढी बारशी, एवढ्या मांडवांत तिनं त्या माणसाची फजिती गायली होती, आणि तो कोपऱ्यात बसून सगळ्यांबरोबर हसला होता. काशीत सौदा करत नाहीत, काही मागायचं नसतं, नुसतं सोडायचं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक असणार. तरी त्यानं मागितलं होतं. आणि जे मागितलं ते समोर धडधाकट बसलेलं असताना, त्याची किंमत एका घोटानंसुद्धा कमी करायला तो तयार नव्हता. ज्याला बर्फीचा तुकडा सोडवत नाही, तो! तिला त्याच्याकडे बघवेना आणि नजर काढवेना. आपण कुणाबरोबर संसार केला हे आपल्याला आत्ता कळतंय, असं वाटून ती ओक्साबोक्शी रडली. हरिभाऊ गोंधळले. उठून तिला पाणी आणून दिलं.

तो सुंदर घाणा अपूर्वाकडे आणि नानासोंकडे वाटून संपला. पद्मा पुन्हा माधवनगरला गेली आणि धोंडुबाईला म्हणाली, या खेपेला लवकर उतरवा.

"लवकर उतारला तर कापीवानी कसा लागंल?" धोंडुबाईनं विचारलं.

"नाही लागला पाहिजे," पद्मा म्हणाली. मग भट्टीपाशी बसकण मारून तिनं सगळं सांगितलं. धोंडुबाईचा झारा हातातच राहिला. घटकाभरानं तिनं पदरानं तोंड पुसलं, वाळूत जव टाकले, आणि दाणा गप्प होताच, रंग चढायच्या आधी चाळणीत काढला. तिच्या हातून असं अर्धकच्चं काम बहुधा पहिल्यांदाच झालं असेल.

सकाळी पद्मानं पाणचट, पिठूळ, सातूच्या वासाचा कप हरिभाऊंसमोर ठेवला आणि आपला चहा घेऊन समोर बसली. त्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

"वाईट."

"अगदी?"

"अगदी," हरिभाऊ म्हणाले, आणि दुसरा घोट घेतला.

"मग बोला आता," पद्मा म्हणाली.